दाखवलेला तुकडा काळा राहिला, बाकीची गाडी पांढरी पडली

फोंडा-पणजी रस्त्यावरच्या एका शेडमध्ये साडेसात हजार रुपये मोजून मी गाडीचं पांढरं पडलेलं प्लास्टिक काळं करून घेतलं. तीन वर्षांची वॉरंटी होती. काम टिकलं तीन आठवडे. त्या माणसाचं किंवा दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, तक्रारीत लिहिलं आहे. इथे लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की त्याने मला जे दाखवलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि खरं होतं. म्हणूनच मी फसलो.

गाडी बाबांची. 2013 ची इकोस्पोर्ट. ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, हिला खालच्या अंगाने सगळीकडे न रंगवलेलं काळं प्लास्टिक आहे. चाकांवरच्या कमानी, दारांखालची पट्टी, दोन्ही बंपरांचा खालचा भाग. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी हौसेने घेतलेली. ते होते तोवर गाडी फोंड्याच्या घरी कौलारू शेडखाली असायची, आणि रविवारी धुऊन झाली की ते खोबरेल तेलाचा बोळा घेऊन त्या काळ्या प्लास्टिकवरून सावकाश हात फिरवायचे. धूळ चिकटते म्हणून आई कुरकुर करायची. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी परत तेच.

2019 मध्ये बाबा गेले आणि गाडी मी वापरायला घेतली. मग ती रोज पणजीला, पाटोवर ऑफिसजवळ, दिवसभर उघड्यावर. पाच वर्षांत प्लास्टिक राखेच्या रंगाचं झालं. जी बाजू मावळतीकडे राहायची ती जास्तच. बोट ओढलं तर बोटाला खडूसारखी भुकटी लागायची. 2024 च्या मे महिन्यात एकदा आईला म्हार्दोळला देवळात नेलं, तेव्हा गाडीतून उतरताना ती म्हणाली, "बाबांच्या गाडीची कळाच गेली रे." ते मनाला लागलं. त्याच आठवड्यात मी त्या शेडपाशी थांबलो.

तो माणूस तिशीचा, बोलायला अगदी मऊ. पैशाचं काहीच बोलला नाही. आधी पुढच्या डाव्या चाकामागे उकिडवा बसला, फडक्याने तळहाताएवढी जागा पुसली आणि हीट गन चालू केली. गरम हवा जशी पुढे सरकली तसतसा तो पांढरा पडलेला भाग माझ्यासमोर काळाभोर होत गेला. वरून कुठलंही तेल नाही, पॉलिश नाही. मग एका बाटलीतलं काहीतरी स्पंजाने लावलं, पाच मिनिटं थांबला आणि पाणी शिंपडलं. थेंब गोल होऊन घरंगळले. "हें पळय, पात्रांव," हे बघा मालक, असं तो कोकणीत म्हणाला. "तीन वर्सां." हे नॅनो सिरॅमिक कोटिंग आहे, म्हणजे वर घट्ट बसणारा थर, बाहेर याचे पंधरा हजार घेतात, आपण साडेसात घेतो. दोन हजार आगाऊ द्या, संध्याकाळी गाडी घेऊन जा.

मी पैसे पाठवले आणि बस पकडून ऑफिसला गेलो. चूक झाली ती इथे. दाखवलेला तुकडा पाहून मी उरलेल्या गाडीचा सौदा केला, आणि उरलेल्या गाडीवर काय लागलं ते पाहायला मी तिथे नव्हतो.

संध्याकाळी गाडी चकाचक. हात लावला तर बोटं तुळतुळीत झाली. विचारलं, तर म्हणाला कोटिंग बसायला दोन दिवस लागतात, आठवडाभर धुवू नका. आत रॉकेलसारखा वास होता, त्यावर स्ट्रॉबेरीचा सुगंध मारलेला. त्याने शिक्क्याचं बिल दिलं, लॅमिनेट केलेलं वॉरंटी कार्ड दिलं, आणि मी घरी आलो. आईने गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "अगदी बाबांनी पुसल्यासारखी दिसते."

आई बोलली तेच खरं निघालं. ते तेलच होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला. पणजीहून रात्री परतताना कुंडईच्या अलीकडे जोराची सर आली. वायपर लावले आणि काच स्वच्छ व्हायच्या ऐवजी तिच्यावर दुधासारखी साय पसरली. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा दिवा काचभर फुटायचा, रस्त्याची कड दिसेना. वायपर जितके जोरात फिरत तितकी साय वाढत होती. मी वीसच्या वेगाने कसाबसा मंगेशीपर्यंत आलो आणि पाऊस थांबेपर्यंत गाडी बाजूला लावून बसलो. शेजारी आई होती. पैशांपेक्षा मला त्या दहा मिनिटांचा राग जास्त आहे. वायपरखाली काचेच्या पायाशी जी काळी जाळी असते, तिच्यावरही त्याने तेच फासलं होतं, आणि पावसाने ते काचेवर ओढलं होतं.

सकाळी उजेडात गाडी पाहिली. आरशांखाली, दारांच्या पट्टीवर, कमानींवर पांढऱ्या-काळ्या धारा. रंगावर तेलकट ओघळ. पुढच्या डाव्या चाकामागचा तळहाताएवढा तुकडा मात्र जसाच्या तसा काळा. त्याची कड इतकी नेमकी, की हीट गन कुठे सुरू झाली आणि कुठे थांबली ते बोटाने आखता आलं असतं. तिथे बसलो तेव्हा सगळं लक्षात आलं. तुकड्यावर एक गोष्ट केली होती आणि गाडीवर दुसरी.

आमच्या फोंड्याच्या मेस्तकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, गाडी नेली. बाबांच्या वेळेपासून डेंटिंग-पेंटिंग तोच करतो. त्याने काही न बोलता पांढरा टिश्यू ओला करून बंपरवर घासला. टिश्यू काळपट-तेलकट झाला. मग दाराचं रबर दाखवलं. खालच्या बाजूने बीडिंग फुगून लाटा आल्या होत्या. हे रबर पेट्रोल, रॉकेल, थिनर यांच्या जातीचं काहीही पितं आणि फुगतं. त्या माणसाने सिलिकॉन तेल स्वस्त सॉल्व्हंटमध्ये पातळ करून स्प्रे केलं असणार, असं मेस्तचं म्हणणं. वास आठवला आणि मला पटलं.

त्याच्याकडून आणि नंतर वाचून जे कळलं ते सांगतो, कारण हे आधी माहीत असतं तर मी शेडपाशीच चार प्रश्न विचारले असते. गाडीचं हे काळं प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन (पीपी) असतं, त्यात थोडं ईपीडीएम रबर मिसळलेलं. सुटा केलेला भाग उलटा करून पाहिला तर मागे पीपी प्लस ईपीडीएम असं कोरलेलं सापडतं. काळा रंग वरून दिलेला नसतो, काजळीच्या जातीचा कार्बन ब्लॅक मालातच मिसळलेला असतो. उन्हातले अतिनील किरण वरच्या पातळ थराचे रेणू तोडतात, थर भुसभुशीत होतो, त्यावर बारीक भेगा पडतात आणि उजेड तिथे विखुरतो म्हणून ते पांढरं दिसतं. खालचा माल काळाच असतो. तेल लावलं की भेगा भरतात, उजेड विखुरायचा थांबतो आणि प्लास्टिक लगेच काळं दिसतं. ओली फरशी गडद दिसते त्यातलाच प्रकार. खोबरेल असो, अळशीचं असो, सिलिकॉन असो, पहिल्या दिवशी सगळी सारखीच दिसतात. सिलिकॉन खोबरेलापेक्षा जास्त टिकतं, पण गोव्याच्या पावसापुढे किती टिकणार?

हीट गनचं काम वेगळं. ती वरचा भुसभुशीत थर किंचित वितळवून सपाट करते, म्हणून रंग खरोखरच परततो आणि पावसाने धुऊन जात नाही. पण तोही कायमचा उपाय नाही. थर पुन्हा उन्हात तसाच तुटतो, वारंवार तापवलं तर प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि हात जरा रेंगाळला की पट्टी वाकडी होते किंवा तिचा खरखरीत पोत जाऊन चकाकता डाग पडतो. अख्ख्या गाडीला एकसारखी हीट गन मारायला वेळ आणि हात दोन्ही लागतात. तळहाताएवढ्या जागेला दोन मिनिटं पुरतात. म्हणून ती दाखवायला वापरली.

मी परत गेलो. तो आधी म्हणाला, तुम्ही लवकर धुतली असणार. मग म्हणाला, तीन हजार अजून द्या, काळा पेंटच मारून देतो, कटकट संपेल. हा दुसरा सापळा आहे आणि पहिल्यापेक्षा वाईट आहे. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही. प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर आधी लागतो, नाहीतर सहा महिन्यांत रंग सापाच्या कातीसारखा सुटतो. शिवाय खाली सिलिकॉन राहिलेलं असेल तर रंग त्यावर बसतच नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मेस्तने मला हे बजावून पाठवलं होतं म्हणून मी तिथून निघालो. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

घरी येऊन कागद नीट पाहिले. बिलावर जीएसटी नंबर होता, पण तेरा अक्षरांचा. खरा नंबर 15 अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे 30, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदलेलं नाव समोर येतं. हे मी पैसे देण्याआधी उभ्या उभ्या मोबाइलवर करू शकलो असतो. यूपीआयच्या पावतीवर दुकानाचं नाव नव्हतंच, कुणा भलत्याच माणसाचं होतं. वॉरंटी कार्डावर तीन वर्षं कशाची, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोटिंगचं नाव नाही, कंपनी नाही, कुठले भाग केले ते नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल, यूपीआय पावती, त्या तुकड्याचे आणि बाकीच्या गाडीचे एकाच चौकटीतले फोटो जोडले. तिथून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. दोन वर्षांच्या आत जाता येतं, आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. साडेसात हजारांसाठी कशाला, असं भाऊ म्हणाला. त्या रात्री काचेवर साय आली तेव्हा आई शेजारी बसली होती, यासाठी.

आता कुणी तुम्हाला असं काम दाखवलं, तर त्याला सांगा की कमानीच्या मधोमध चिकटपट्टी चिकटव आणि तिच्या एकाच बाजूला कोटिंग लाव, जे पूर्ण गाडीला लावणार तेच, तसंच, हीट गनशिवाय. मग ती गाडी घरी न्या. दोन दिवसांनी शॅम्पूने घासून धुवा, कोरडी करा, ओला पांढरा टिश्यू घासा. टिश्यू स्वच्छ आला आणि पट्टीची रेघ अजून ठळक दिसत असेल, तरच उरलेल्या कामाचं बोला. खरं कोटिंग वाळल्यावर हाताला तेलकट लागत नाही. लावण्याआधी प्लास्टिक ब्रशने घासून घासून धुवावं लागतं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं लागतं, जुनं तेल शिल्लक असेल तर ते धरतच नाही. लावल्यावर निदान एक रात्र गाडी कोरड्या जागी हवी. जो माणूस चार तासांत धुऊन, वाळवून, लावून गाडी परत देतो, त्याने यातलं काय केलं असेल ते विचारा. आणि गाडी सोडून जाऊ नका. खुर्ची टाकून तिथेच बसा.

आमच्या गाडीचं म्हणाल, तर जुलैभर सुट्टीच्या दिवशी मी आणि मेस्तचा मुलगा ते सिलिकॉन उतरवत होतो. क्लीनर, ब्रश, पाणी, परत क्लीनर. तीन वेळा धुतल्यावर कापूस स्वच्छ यायला लागला. काचेची साय जायला त्याहून जास्त वेळ लागला, वायपरची पाती तर फेकूनच द्यावी लागली. दाराचं एक बीडिंग बदललं, दुसरं अजून फुगलेलंच आहे. ट्रिमच्या, म्हणजे या काळ्या प्लास्टिकच्या, कोटिंगची छोटी बाटली आणून सप्टेंबरमध्ये डाव्या मागच्या कमानीला लावली, पट्टी चिकटवून, अर्ध्या भागालाच. आता ऑक्टोबर आहे. शेवटचे पाऊस त्यावरून गेले, दर रविवारी शॅम्पू झाला, रेघ जागेवर आहे. उजवी बाजू आणि बंपर दिवाळीच्या सुट्टीत करायचे आहेत. त्याआधी शेडवरची चार फुटकी कौलं बदलून घेतली. गाडी आता बसस्टॉपला जाऊन येण्यापुरती आणि आईला देवळात नेण्यापुरती बाहेर निघते, बाकी वेळ बाबा लावायचे तिथेच असते.