नकली इरिडियम स्पार्क प्लग आणि ‘तुम्हीच बसवलेत ना?’ हा प्रश्न

घरच्या गाडीची लहानमोठी कामे स्वतः करणाऱ्यांना एका विशिष्ट प्रकारच्या फसवणुकीची आगाऊ कल्पना असावी, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ऑनलाइन बाजारातील एका विक्रेत्याकडून मी आमच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीसाठी एका नामांकित कंपनीच्या नावाचे इरिडियम स्पार्क प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे, इरिडियम या धातूचे टोक असलेले प्लग) मागवले आणि ते नकली निघाले. बाजारात नकली सुटे भाग असतात, यात नवीन काही नाही. मला सांगायचे आहे ते विक्रेत्याच्या बचावाबद्दल. तो सगळा बचाव एकाच गोष्टीवर उभा होता: प्लग गॅरेजमध्ये नव्हे, मी माझ्या हाताने बसवले होते.

किंमत अधिकृत विक्रेत्यापेक्षा किंचितच कमी होती, त्यामुळे स्वस्ताईवरून शंका यावी असे काही नव्हते. खोके, छपाई, होलोग्रामचे चिकटपट्टीवजा लेबल, सगळे व्यवस्थित होते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मी जुने प्लग काढले, नव्यांची फट, म्हणजे जिथे ठिणगी पडते ते दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, फीलर गेजने (अंतर मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासली, आटे आधी हाताने बसवून नंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) कसले. अॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो आणि त्यापलीकडे जाण्याचे काही कारणही नसते. गाडी सुरू झाली, उत्तम चालली. इथेच नकली मालाची खरी सोय असते. पहिल्या दिवशी तो अस्सलसारखाच वागतो.

काही आठवड्यांनी गाडी उभी असताना इंजिनला बारीक हिसके बसू लागले, चढावर पिकअप कमी झाला आणि रेडिओवर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी खरखर ऐकू येऊ लागली. मग ‘चेक इंजिन’चा दिवा लागला. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी ०३०२ हा कोड आला, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत होते, पेट्रोल नीट पेटत नव्हते. असा कोड आला की अनेक जण थेट इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज पुरवणारा भाग) बदलतात, आणि नव्या प्लगवर संशय घेणे कुणालाही शेवटीच सुचते. परंतु दोष कोणाचा हे ठरवण्याची साधी, बिनखर्चाची रीत आहे. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी चालवली. कोड पुन्हा पी ०३०२ हाच आला, म्हणजे कॉइल निर्दोष होती. मग दुसऱ्या सिलिंडरचा प्लग चौथ्यात आणि चौथ्याचा दुसऱ्यात बसवला. या वेळी स्कॅनरने पी ०३०४ दाखवले. बिघाड प्लगबरोबर चौथ्या सिलिंडरमध्ये गेला होता.

तो प्लग आणि सांभाळून ठेवलेला जुना अस्सल प्लग मी शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिले. अस्सल इरिडियम प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडचे टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचे असते आणि ते इतके बारीक ठेवता येते, कारण इरिडियमचा वितळणबिंदू सुमारे २४४६ अंश सेल्सिअस आहे. निकेलचा १४५५ आहे. जुन्या प्लगचे टोक पूर्ण आयुष्य भरल्यावरही काठाला धार राखून होते. नव्याचे टोक मात्र गोलसर झिजले होते आणि फट नजरेला कळण्याइतकी रुंदावली होती. साध्या धातूचे टोक घासून बारीक केलेले, एवढाच त्याचा इरिडियमशी संबंध. ताशीव दिसणाऱ्या आट्यांवर बोट फिरवले तर कडा बोचत होत्या. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवरून सहज निघत नाही, याचा बोटांनी फिरवताच सुटून हातात आला. पांढऱ्या चिनी मातीच्या भागावरील कंपनीचे नाव ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसट झाले. पाना लागतो त्या षटकोनी भागावर कंपनी लॉट क्रमांक (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) उमटवते, त्या जागी इथे काहीही नव्हते.

रेडिओच्या खरखरीचे कारण मल्टीमीटरने सापडले. आजच्या गाड्यांच्या प्लगमध्ये साधारण ५ किलोओहमचा रोधक असतो आणि तो ठिणगीमुळे निर्माण होणाऱ्या विद्युतलहरी दाबतो. माझ्या जुन्या प्लगने तेवढाच आकडा दाखवला. नव्यांपैकी दोघांनी जवळजवळ शून्य. रोधक आत घातलाच नव्हता! हा प्रश्न केवळ गाणी नीट ऐकू येण्याचा नाही, कारण याच लहरी सेन्सरच्या वायरिंगमध्ये आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्येही गोंधळ घालू शकतात.

कोणी म्हणेल, चार प्लगांचे एवढे काय? इंजिनच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडाव्या लागतात. त्यातली जी चुकते तिचे पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन पेटते. तिथले तापमान वाढून आतली जाळी वितळू शकते, आणि तो भाग प्लगांच्या कितीतरी पट महाग असतो. ‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर त्याचा अर्थ हाच असतो, अशा वेळी वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवावी. शिवाय पुढच्या वाहनाला ओलांडत असताना, मागे मुले आणि वृद्ध आई-वडील बसलेले असताना एक सिलिंडर काम सोडून देतो, ही गोष्ट मी सहज सोडून देऊ शकत नाही.

विक्रेत्याशी बोलताना त्याचा पहिलाच प्रश्न होता, ‘साहेब, प्लग कुठल्या गॅरेजमध्ये बसवून घेतलेत?’ मी स्वतः बसवले असे सांगताच त्याचा सूर बदलला. ‘तुम्हीच बसवलेत ना? मग जास्त कसले गेले असणार. आमच्या मालाची अशी एकही तक्रार नाही.’ बोलणे नम्र होते, आणि म्हणूनच ते परिणामकारक होते. आपल्या हाताने काम करणाऱ्या प्रामाणिक माणसाच्या मनात आधीच शंका असते, की आपलेच काही चुकले असेल का, आणि असा विक्रेता त्या शंकेवरच आपला धंदा चालवतो. जास्त कसल्याने वॉशर प्रमाणाबाहेर चेपतो, आटे ताणले जातात, क्वचित प्लग तुटतो. पण त्यामुळे इलेक्ट्रोडचे टोक झिजत नाही, छापलेले नाव पुसले जात नाही आणि आतला रोधक नाहीसा होत नाही. हे मी छायाचित्रांसह लेखी कळवल्यावर उत्तर आले की चारही प्लग परत पाठवा, तपासून कळवू. सगळे प्लग परत पाठवणे म्हणजे सगळा पुरावा त्याच्या हवाली करणे, म्हणून मी तीन पाठवले आणि सर्वांत खराब प्लग स्वतःकडे ठेवला. त्यानंतर अर्धे पैसे देतो, पण लिहिलेला प्रतिकूल अभिप्राय काढा, असा प्रस्ताव आला. मी तो नाकारला. परतीची मुदत केव्हाच संपली आहे, असे त्या बाजाराच्या तक्रार विभागाने कळवले आणि पैसे मिळाले नाहीत. प्लग मात्र कंपनीला दाखवल्यावर तो त्यांचा नसल्याचे लेखी उत्तर मिळाले.

मुदतीचा हा हिशेब नीट समजून घ्यावा. परतीची मुदत थोड्या दिवसांची, आणि साध्या धातूचे टोक झिजायला लागतात काही आठवडे. नकली ऑइल फिल्टरचे तेच. त्यात कागदाच्या घड्या कमी असतात किंवा इंजिन बंद झाल्यावर तेल मागे वाहू न देणारी झडप निकृष्ट असते, आणि हे फिल्टर कापल्याशिवाय दिसत नाही. ब्रेक पॅडच्या बाबतीत तर मी ऑनलाइन अनोळखी विक्रेत्याचा विचारही करणार नाही.

म्हणून भाग बसवण्याआधीच, खोके उघडताना, सलग चित्रीकरण करावे. लॉट क्रमांकाचे छायाचित्र काढावे, फट आणि रोधकाचा आकडा मोजून तारखेसह लिहून ठेवावा, आणि काढलेला जुना भाग नवा भाग रुळेपर्यंत फेकू नये, कारण तुलनेसाठी त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. टॉर्क रेंचचा आकडा दिसेल असे एखादे छायाचित्रही असू द्यावे.

त्या विक्रेत्याचे पान आता दिसत नाही, परंतु तीच छायाचित्रे आणि तोच मजकूर दुसऱ्या नावाने पुन्हा आला आहे. त्यात अगदी खाली, बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ‘अधिकृत गॅरेजमध्ये बसवल्यासच हमी लागू.’ घरी काम करणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी ही ओळ शोधावी, आणि ती सापडली तर षटकोनी भागावरील लॉट क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र विक्रेत्याकडे मागावे. मी नाव न सांगता मागून पाहिले. त्यावर उत्तर आले नाही.