कॅमेऱ्याचा रिमोट: इन्फ्रारेड की रेडिओ?

घरच्या ग्रुप फोटोसाठी निकॉनच्या एमएल-एल३सारखा इन्फ्रारेड रिमोट पुरेसा आहे. खिशात मावतो, चपट्या सेलवर चालतो, कॅमेऱ्याला वेगळं काही जोडावं लागत नाही. पण पोच जेमतेम ५ मीटर आणि रिमोटचा सिग्नल टिपणारा सेन्सर बहुतेकदा कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला. ट्रायपॉडमागून बटण दाबलं तर शटर पडेलच असं नाही. भर उन्हात आणखी पंचाईत. (बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत हा सेन्सरच नसतो, आधी तपासा.)

२.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ रिमोट झाडाआडूनही चालतो. रिसीव्हर हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) बसवायचा, आपल्या मॉडेलची केबल जोडायची, दोन्हीकडचे सेल सांभाळायचे, एवढाच व्याप. पाणवठ्यावर खंड्याची वाट बघत लपून बसणाऱ्यांनी मात्र रेडिओच घ्यावा. बहुतेक रेडिओ रिमोटांत बटण अर्धं दाबून फोकसही करता येतो.