मृगात फाटलेली कोंबडी, संक्रांतीपर्यंतचा अनुभव: कोणतं सामान कामाला आलं, कोणतं पडून राहिलं

आधी निकाल सांगून टाकते. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो भाजीच्या दोन प्लॅस्टिक क्रेटचा आणि एका जुन्या मच्छरदाणीचा. त्याखालोखाल मिठाच्या पाण्याचा. बाटल्या, स्प्रे, मलमं यांचा नंबर बराच नंतर लागतो. घरात कोंबडी जखमी झाली की माणूस आधी मेडिकलकडे धावतो, म्हणून हे मुद्दाम वर लिहिलं.

कोंबडी गावरान, तांबूस, सव्वा किलोच्या आसपास. आमच्याकडे कुडाळ तालुक्यात पाऊस सुरू झाला आणि त्याच सुमारास भटक्या कुत्र्याने तिला पाठीवर धरलं. पंखांच्या मध्यापासून शेपटीपर्यंतची कातडी उलटून लोंबत होती, खालचं लाल मांस उघडं. शेजारचे म्हणाले, एवढ्या खर्चात दुसरी येईल. येईल, पण ही उत्तम खुडूक बसते. एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही आणि पिल्लांना घारीपासून सांभाळते. ते गुण बाजारात वजनावर मिळत नाहीत.

क्रेट असा वापरला: एक सुलटा, त्यावर दुसरा उलटा, एका बाजूने सुतळीची बिजागरी. जुन्या बाजारात असे क्रेट स्वस्तात मिळतात. हवा खेळते, कोंबडीला उभं राहता येतं पण फडफडून उडी मारता येत नाही, आणि धुवायला पाइप लावला की झालं. वेगळं ठेवणं सोयीसाठी नाही, गरजेचं आहे. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत बसतात. काल जी शेजारी बसायची तीच आज मांस ओढते. पत्र्याच्या खुराड्यात जखमी कोंबडी परत सोडली तर कुत्र्याने सोडलेलं काम त्या पुरं करतात.

मच्छरदाणी माशांसाठी. पावसाळ्यात उघड्या जखमेवर निळी-हिरवी माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या वळवळायला लागतात. आमच्याकडे गुरांच्या जखमेत अळ्या झाल्या की टर्पेंटाइन ओततात. कोंबडीच्या एवढ्याशा अंगावर ते करू नये, आग होते आणि अंगात भिनतं. क्रेटवर चारही बाजूंनी जाळी खाली दाबून बसवली, रोज सकाळ-संध्याकाळ शेपटीखालची पिसं उलटून पाहिली. अळी एकदाही झाली नाही. याला माझ्याकडून पाचपैकी पाच.

अंथरायला वर्तमानपत्र अगदी कुचकामी. ओलं झालं की गुळगुळीत होतं, पाय फाकतात आणि अशक्त कोंबडीला परत उठता येत नाही. भाताचं तूस खुराड्यात चांगलं, पण ओल्या जखमेला चिकटतं. टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात. शेवटी सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे घातले, रोज बदलून उकळत्या पाण्यात धुतले. हेच टिकलं.

आता जखमेचं. मी घरी पोचेपर्यंत हळद लागलेली होती. सासूबाईंचं म्हणणं, "हळद लाव गो, नि सोड तिका." रक्त थांबायला हळदीने मदत झाली असेल, पण तिचा जो पिवळा थर बसतो त्याखाली काय चाललंय ते दिसेनासं होतं. तो भिजवून काढण्यातच पहिली संध्याकाळ गेली. त्यानंतर हळद तिच्या खाण्यात घालायची, जखमेत नाही, असा आमच्या दोघींत तह झाला.

मिठाचं पाणी: एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने हलक्या धारेने मारायचं. पाणी गार नको. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंश सेल्सियसच्या पुढे असतं, गार पाण्याने ती गळून जाते. बीटाडीन थेट बाटलीतून न ओतता कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून, तेही सुरुवातीच्या दिवसांतच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला समाधान देतो, पण रोज वापरला तर नवी येणारी कातडीही तो जाळतो. ती बाटली तशीच पडून आहे.

धरण्याची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, नसतो; छाती हलली तरच श्वास चालतो. घाबरून दोन्ही हातांनी छाती आवळली तर ती हातातच गुदमरू शकते. कापडात सैल गुंडाळायची, डोक्यावर पदर टाकायचा. अंधार झाला की गप्प होते.

कुत्र्याच्या चाव्यात वरची जखम दिसते त्यापेक्षा फसवे असतात ते सुळ्यांचे बारीक भोसके. आमच्या कोंबडीच्या पंखाखाली असे दोन निघाले, पिसं बाजूला केल्याशिवाय दिसलेच नसते. एका जागी कातडीखाली हवा भरली होती, बोट दाबलं की कुरकुरायचं. तेवढ्यासाठी तिला टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आतली हवेची पिशवी फाटली की असं होतं, लहान असेल तर बुजते. टाके घातले नाहीत. चावलेली जखम शिवली तर घाण आतच राहते. लोंबणारा मेलेला तुकडा तेवढा कापला आणि प्रतिजैविक वजनावर मोजून दिलं. ते चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खायची नाहीत, ही सूचना महत्त्वाची. ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांनी 1962 या टोल फ्री क्रमांकावर विचारावं. एका दुकानदाराने बधिर करणारं मलम पुढे केलं होतं, ते घेतलं नाही. पक्ष्यांना ती औषधं थोड्या मात्रेतही बाधू शकतात.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट असतो. त्यामुळे जखम कोरडी दिसते म्हणून निर्धास्त राहायचं नाही, वास घ्यायचा. वास नसेल आणि तळाला लाल दाणेदार मांस भरत असेल तर चाललंय ते ठीक.

खाण्यात पहिला दिवस नुसतं ओआरएसचं पाणी. चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती स्वतः गिळते. तोंडात ओतलं तर जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी थेट तिथे जातं. मग मऊ शिजवलेली कणी, उकडलेलं अंडं कुस्करून, थोडा पिल्लांचा भरडा. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे फार उपयोगी पडला. रोज सकाळी खायच्या आधी वजन करायचं. विष्ठा हिरवीगार, पाण्यासारखी दिसली की समजायचं पोटात काही जात नाही, मग ती कितीही मान वर करून बघत असो.

हर्बल स्प्रे, जो सगळे सुचवतात, तो मी खपली धरल्यावर वापरला. उग्र वासाने माशा लांब राहतात हे खरं. पण फुस्स आवाजाने कोंबडी बिथरते आणि अर्धं औषध क्रेटवर जातं. कापसावर घेऊन लावलं तेव्हा जमलं. तीन तारे. बल्बची ऊब सुरुवातीला दिली, पण पावसात लाईट जाते तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवणं जास्त भरवशाचं.

खरी कटकट बरी झाल्यावर. इतके दिवस बाहेर राहिलेली कोंबडी कळपात गेली की तिचं स्थान गेलेलं असतं, परत सगळ्यात खालून सुरुवात. क्रेट आठवडाभर खुराड्याला लागून ठेवला, एकमेकींना दिसतील असा. मग कातरवेळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर आत सोडली. तरी एका काळ्या कोंबडीने तिचं जगणं मुश्कील केलं, तेव्हा काळीलाच दोन दिवस क्रेटमध्ये टाकलं. या उपायाला हसू नका, जालीम आहे.

नव्या पिसांचे कोंब आले तेव्हा पुन्हा जपावं लागलं. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असतं, टोचलं की भळभळतं. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, म्हणून त्या काळात सुकटीचा चुरा रोज दिला. पाठ भरेपर्यंत अंडी बंद होती. दिवाळीनंतर सुरू झाली, पहिली काही पातळ कवचाची. तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले, त्यांची कवचं भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवल्यावर कवच घट्ट झालं. पाठीवर टिचभर जागी पीस आलेलं नाही, येईलसं वाटत नाही.

क्रेट त्यानंतर तळव्याला गाठ झालेल्या कोंबड्यासाठीही वापरला. एका कोपऱ्याला चीर गेली आहे, तारेने शिवला. जाळी मात्र नवी घ्यावी लागेल, मांजराने फाडली.