इन्सुलिन पेन सात महिने वापरल्यावर (पेनपेक्षा सिस्टरबद्दलच जास्त)

मुलगा सात वर्षांचा, टाइप १ डायबिटीस निघाला, तेव्हापासून घरी रोज चार वेळा इन्सुलिन. पेन चांगलंय, अर्ध्या अर्ध्या युनिटने डोस लावता येतो (लहान मुलांसाठी तसलंच मागून घ्या, त्यांना एक युनिट इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो), सुई ४ मिमीची. पेनचं झालं एवढंच. मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी शिकवलं नसतं तर ते आमच्या हातात असून नसल्यासारखंच होतं.

पहिल्या दिवशी मी वही उघडून बसलो तर सिस्टर माझ्याकडे बघेनात, स्टूल ओढून सरळ पोराच्या समोर बसल्या. दुखणार नाही असं एकदाही म्हणाल्या नाहीत. "मुंगी चावल्यासारखं होईल. सुई तर घ्यायचीच आहे, पण कुठे ते तू सांग, पोट का मांडी?" त्याने बराच विचार करून मांडी सांगितली आणि रडायचं राहूनच गेलं. बटण पूर्ण दाबलं की दहा आकडे मोजायचे, मगच सुई बाहेर, हे मोजायचं काम त्यांनी त्यालाच दिलं. पहिल्याच आठवड्यात मी घाईत सहालाच सुई काढली, कातडीवर थेंब आला, आणि साहेबांनी मला झापलं.

एकदा मीटरवर शुगर ३१२ आली, माझे हातपाय गार, फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "हात धुतलेत का?" धुतले नव्हते, बोटाला गोड लागलेलं. धुवून, पुसून, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं (मधोमध जास्त दुखतं, हेही त्यांनीच सांगितलेलं), तर १४८!

पण मी त्यांना खरं मानलं ते तिसऱ्या महिन्यात. डोस तोच, खाणं तेच, आणि शुगर कधी वर कधी खाली, आम्ही एकमेकांवर चिडायला लागलेलो. सिस्टरनी वही नंतर बघितली, आधी त्याला झोपवलं, हात चोळून गरम केले आणि बोटांच्या टोकांनी पोट चाचपलं, अगदी सावकाश. बेंबीच्या उजवीकडे थांबल्या. माझं बोट तिथे ठेवलं तेव्हा मला कळलं, आत रबरासारखी गाठ, बघून काहीच दिसत नव्हतं. पोरगं रोज तीच जागा मागायचं कारण तिथे दुखत नाही, आणि आम्ही द्यायचो. तिथलं इन्सुलिन नीट शोषलंच जात नव्हतं. त्याला रागावल्या नाहीत, पोटावर शाईच्या पेनने घड्याळ काढून दिलं, रोज एक आकडा पुढे, गाठीवरचे आकडे बंद. मला मात्र बजावलं, चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडेल, थोडे दिवस जास्त वेळा तपासा. खरंच शुगर खाली यायला लागली आणि डॉक्टरांनी डोस कमी केला.

तक्रार एकच, ती त्यांच्याबद्दल नाही. एकदा त्या सुट्टीवर होत्या, दुसऱ्या कोणीतरी न सांगता हात धरून टोचलं, पुढचे दोन दिवस इन्सुलिनची वेळ झाली की हा पलंगाखाली. परत सिस्टरकडेच नेलं, तर तिथेही हा वॉर्डातल्या पलंगाखाली. त्या पण खाली बसल्या आणि बाहेर ये असं न म्हणता नुसतं विचारलं, "घड्याळात आज किती वाजलेत?"

"चार," तो म्हणाला, आणि शर्ट वर केला.