फिल्मसिटीच्या बुकिंगमध्ये 46,697 रुपये गेले, अन् तेही ऑनलाईनवाल्याचे

आधी आकडा सांगून टाकतो, कारण गावात कोणी लाख म्हणून रायलं, कोणी दोन लाख. गेले ते 46,697 रुपये. चार वेळा मिळून गेले अन् चारही वेळा पिन मीच टाकला. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे गावातलं ऑनलाईनचं दुकान माझंच आहे. पीक विमा, ई-केवायसी, सातबारा, पोट्ट्यांच्या स्कॉलरशिपा, सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो. 'ओटीपी कोणाले सांगू नका' असा कागद दुकानाच्या भिंतीवर मीच चिकटवला आहे. तो काढला तरी लोक हसतील, ठेवला तरी हसूनच रायले.

झालं असं की कापसाचे चुकारे हाती आले होते अन् 26 जानेवारीला जोडून सुट्टी येत होती. आमच्या घरात सहल म्हणजे शेगाव नाहीतर माहूर, पहाटे 3 ला उठा, दर्शन घ्या, रात्री मरगळून परत या. या वेळी म्हटलं निवांत जाऊ, पोरांचं झेंडावंदन बुडलं तरी चालेल. आई, मोठेबाबा, मोठीआई, चंद्रपूरची आत्या, बहीण-जावई, आम्ही दोघं भाऊ, बायका, पोरं, एकूण 14 माणसं, 10 मोठे अन् 4 लहान. ठरलं हैदराबादची रामोजी फिल्मसिटी. आम्हाला 44 नंबरचा हायवे जवळ, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल करत सरळ जायचं अन् शहरात न शिरता रिंगरोडनं पलीकडं विजयवाडा रोडला निघायचं. आईचे गुडघे गेलेले, मोठेबाबा 72 चे. ती जागा 1,666 एकरची, गिनीज बुकात नाव असलेली, पण आत बसनं फिरवतात म्हणून म्हाताऱ्यांनाही जमेल हा माझाच हिशोब. आयडिया माझी, बुकिंग माझं, शिव्याही आता मलाच.

फेसबुकवर जाहिरात दिसली, फिल्मसिटीचेच फोटो, फॅमिली पॅकेज, एक रात्र राहणं, जेवण, एंट्री सगळं धरून मोठ्यांना 2,450 अन् लहानांना 1,650. पुढं व्हॉट्सअॅप, डीपीवर लोगो, पीडीएफ, हिंदीत गोडगोड बोलणारा माणूस, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. पण त्यानं पैशाचं नाव काढायच्या आधी काय विचारलं माहीत आहे का? 'घर में बुजुर्ग हैं क्या, व्हीलचेअर लगेगी क्या?' मी तिथंच विरघळलो. आईसाठी व्हीलचेअर फुकट, मोठेबाबांना खालच्या मजल्यावरची खोली. आपल्या नात्यातलं कोणी एवढं विचारत नाही हो.

एकूण झाले 31,100, अर्धे आधी भरायचे, 15,550. गुरुवारची रात्र, 9:40 वाजले होते. ऑफर 10 वाजेपर्यंतच. ओसरीवर सगळे बसलेले, पोट्टे मागून मोबाईलमध्ये डोकावून रायले. क्यूआर स्कॅन केला अन् स्क्रीनवर नाव आलं, एका बाईचं, अन् त्यापुढं किराणा स्टोअर्स. फिल्मसिटीचं नाही, कोणत्या ट्रॅव्हल्सचंही नाही. किराणा स्टोअर्स! मी ते वाचलं. वाचलं नाही असं खोटं सांगणार नाही, मोठ्यानं वाचलं. आत्या चवथीपर्यंत शिकलेली, चष्मा कपाळावर. ती म्हणाली, "काऊन रे बाप्पा, फिल्मसिटीवाले किराणा इकतेत का?"

सगळे हसले. मी पण हसलो. अन् वरून शहाणपण शिकवलं, "आत्या, मोठ्या कंपन्यायचे पैसे असेच येगयेगळ्या खात्यात जातेत, टॅक्सचं असते थे." हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं देव जाणे. त्या माणसानं मला हे सांगितलंही नव्हतं, त्याच्या वतीनं खोटं मीच बोललो. बँकेत नोंदवलेलं नाव पिन टाकायच्या आधी दाखवतात ते कशासाठी दाखवतात? रोज दुकानात लोकांना मीच सांगतो, काका नाव बघा मग पाठवा. पण 14 माणसं तोंडाकडं बघून रायली, जावईबुवा बाजूला बसलेले, 20 मिनिटं उरलेली, अशा वेळी थांबा जरा चौकशी करतो म्हणायला छाती लागते. माझी नाही झाली. तुम्ही असता तर केली असती का चौकशी? असाल हुशार.

बाकीचं लवकर सांगतो. शुक्रवारी 5,598, म्हणे जीएसटी, 'सगळं धरून' म्हटल्यावर पुन्हा जीएसटी कशाचा हे विचारलं तं लगेच बिल पाठवलं. शनिवारी उरलेले 15,550, कारण पूर्ण भरले तरच व्हीलचेअर बुक होते. सोमवारी 9,999 डिपॉझिट, खोली सोडताना परत मिळणार. अन् सोमवारी संध्याकाळी म्हणतो डिपॉझिट चुकून दोनदा दिसून रायलं, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा अन् पिन टाका. इथं मी हुशार झालो! पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला झोपेतही माहीत आहे. पकडला लेकाला, असं बायकोला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "पकडला तं पकडला, पैसे कुठी हायेत?"

मग ते बिल काढून बघितलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, तेलंगणाचा 36, आपला 27. बिलावर होता 09, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या साईटवर कोणालाही फुकटात शोधता येतो तो नंबर. टाकला, निघाला हार्डवेअरचा दुकानदार, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. दोन मिनिटांचं काम होतं, शुक्रवारी केलं असतं तं 15,550 वरच सुटलो असतो. तुम्ही कोणतंही बिल आलं की आधी हे करा, पीडीएफच्या रंगाला भुलू नका.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन सोमवारी रात्रीच लावला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. तिथं पहिला प्रश्न एकच, पैसे गेले कधी? गुरुवारी म्हटल्यावर पलीकडचा माणूस जरा गप्प झाला. पहिल्या तासाभरात कळवलं तं पैसे मधात अडकवता येतात. म्हणून लाज वाटली तरी आधी 1930, मग घरच्यांना सांगा. मी उलटं केलं.

मंगळवारी बँकेत. साहेब जेवायला गेलेले, ते 3 ला आले, अन् मान वर न करता म्हणाले, पिन तुम्ही टाकला ना, मग झालं. मी रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक मोबाईलवर काढून दाखवलं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही म्हणून. ते म्हणे ते दुसऱ्यानं परस्पर काढले तर, तुम्ही स्वतः दिले. बरोबर असेल त्यांचं, नियमात असेल. पण कर्जाच्या हप्त्याला दोन दिवस उशीर झाला की यांचा माणूस शेताच्या धुऱ्यावर येऊन उभा राहतो, अन् माझे पैसे गेले तं साधा अर्ज घ्यायला चार दिवस, त्यावर शिक्का मारायला आणखी दोन. समोरचं खातं कोणाचं हेही सांगत नाहीत, म्हणे गोपनीय. चोराची गोपनीयता जपतात, माझा पत्ता मात्र वसुलीवाल्यांना पाठ.

ठाण्यात तर कमालच. हद्द आमची नाही, जिल्ह्याला सायबरकडं जा. जिल्ह्याला गेलो तं आधी ठाण्यातून कागद आणा. मी म्हटलं साहेब, नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 आहे, हद्द कोणतीही असो तक्रार घ्यावी लागते. "लयच वाचून आला रे तू, मंग पैसे देतानी काऊन नाही वाचलं?" मागच्या बाकावरचेही हसले. त्याला उत्तर नव्हतं माझ्याजवळ, अजूनही नाही. पण तीन चकरा, प्रत्येक चकरेला 200 चं पेट्रोल, दुकान बंद, अन् तुरीची सवंगणी भावाच्या एकट्याच्या डोक्यावर.

कोणी तुमचं खातं महिनाभर वापरायला मागितलं अन् 2,000 देतो म्हटलं तं देऊ नका. आमच्या शेजारच्या गावच्या पोट्ट्याले असंच विचारलं होतं. त्या किराणावाल्या बाईचं खातंही असंच भाड्याचं असेल असं मला वाटते, तिला शिव्या देऊन झाल्यावर सुचलं हे. अन् बुकिंग करायचं तं जाहिरातीतून नाही, खऱ्या साईटचा पत्ता स्वतः टाईप करा, तिथला नंबर घ्या. मी मंगळवारी केला खऱ्या नंबरवर फोन, अशी बुकिंगच नाही म्हणाले, बिचारे नीट बोलले.

क्रूझरवाल्याला 3,000 ॲडव्हान्स दिला होता, तो परत देत नाही म्हणाला. मग त्याच गाडीत 14 माणसं माहूरला गेलो. पहाटे 3 ला उठून.

परवा बँकेतून मेसेज आला, माझ्या रकमेतले 1,212 रुपये कोणत्यातरी चौथ्या खात्यात अडकले आहेत, कोर्टाचा ऑर्डर आणला की मिळतील. वकील 2,000 मागून रायला.