स्प्लेंडर प्लस, लाख किलोमीटर झाल्यावरचा रिव्ह्यू

भावांनो, आमची हिरो होंडाच्या जमान्यातली स्प्लेंडर लाखाच्या पुढं गेली, मीटरला पाचच आकडे हायत म्हणून ९९९९९ नंतर परत शून्यापासनं सुरू झालाय. ९७.२ सीसीचं इंजिन अजून एकदाबी खोललेलं नाही. रोज शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, सुट्टीला जोतिबा नायतर पन्हाळा, डबलसीट घाटात दुसऱ्या गिअरवर यावं लागतं पण दमत नाही.

लय लोक विचारतात काय केलंस, तर ऑइल वेळेवर बदललं, १० डब्ल्यू ३०च, आणि काळं व्हायची वाट बघितली नाही. दुसरं म्हणजे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट. ती इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करायची, म्हणून मी सकाळी उद्यमनगरात मिस्त्री दुकान उघडायच्या टायमालाच जातो, आणि थोडी टिकटिक राहिली तरी राहू दे, आवाज बंद करायच्या नादात टाईट केलं की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

पावसाळ्यात चेन दोन दिवसात कोरडी पडते, पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल सोडायचं. उसाच्या सिझनला धूळ लय, एअर फिल्टर बघत जावा.

कमी काय, तर हेडलाईट. गाडी स्लो झाली की उजेड मंद होतो, रात्री हायवेला त्रास होतोच. पुढचा ड्रम ब्रेकबी ओल्या रस्त्यावर आधीच दाबायला लागतो. पण सेकंडहँड घेणार असशीला तर मीटर बघू नका, सायलेन्सरमधनं निळा धूर येतोय का, म्हणजे इंजिन ऑइल खातंय का, ते बघा.