मीटरवर ८४ हजार, शोरूममध्ये १८ हजार: जुन्या स्प्लेंडरचा १४ महिन्यांचा अनुभव

गाडी स्प्लेंडर प्लस, २०१८ची, बीएस ४, कार्बोरेटरवाली. ऑगस्ट २०२४मध्ये ६१ हजार रनिंगवर ४२ हजारांना घेतलेली, विकली तेव्हा ८४ हजारांच्या पुढे. ९७.२ सीसी, चार गिअर वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. लिहायचं कारण एक्स्चेंज. एका शोरूममध्ये (नाव लिहीत नाही) तपासणाऱ्याने किल्ली फिरवली, मीटर पाहिला, "रनिंग फार आहे" म्हणाला आणि १८ हजारांचा आकडा दिला. किक मारली नाही. डिपस्टिक (ऑइल मोजायची कांडी) काढली नाही. मागचं चाक धरून हलवलंसुद्धा नाही.

शब्दांचा घोळ आधी निस्तरू. आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरला किती जाते ते, म्हणजे ॲव्हरेज. जुन्या गाड्यांच्या बाजारात एकूण चाललेल्या किलोमीटरला 'रनिंग' म्हणतात. खाली सगळीकडे रनिंग हाच शब्द आहे.

वापराचं थोडक्यात. या १४ महिन्यांत २३ हजार किलोमीटर झाले. चेनसेट ९५०, क्लच प्लेट मजुरीसह ९००, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) मजुरीसह ५५०, दोन्हीकडचे ब्रेक शू ३८०, मीटरची केबल दोनदा, १३० प्रमाणे २६०. बेरीज ३,०४०. ऑइल वेगळं, ते दर अडीच हजारांना बदललं. इंजिन अजून कोणी खोललेलं नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक फुसका येतो आणि जातो, हजार किलोमीटरला साधारण १०० मिली ऑइल वर टाकावं लागतं. सात वर्षांच्या गाडीला मी याला तक्रार म्हणत नाही.

तक्रार त्या केबलची. एका केबलबद्दल इतकं लिहिणं विचित्र वाटेल, पण एक्स्चेंजचा सगळा भाव ज्या आकड्यावर ठरतो तो आकडा या तारेवर लटकलेला आहे. या मीटरला फिरवते ती पुढच्या चाकाच्या हबमधली गिअर आणि तिच्यातून वर जाणारी केबल. आतली तार तुटली की काटाही मेला आणि आकडेही थांबले. इंजिनाला पत्ताच नाही. गाडी रोज ५०-५५ किलोमीटर चालते, मीटर मात्र ४७ हजारांवर झोपलेला. असे सहा-आठ महिने काढणारे रस्त्यावर कितीतरी दिसतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मनात फसवणूक नसते, निव्वळ आळस असतो. विकताना १३० रुपयांची केबल टाकतात, काटा हलायला लागतो, आणि दहा-बारा हजार किलोमीटर कागदावरून गायब. मी केबल तुटल्याच्या दुसऱ्या दिवशी बदलली, दोन्ही वेळा. त्या प्रामाणिकपणाचं शोरूममध्ये बक्षीस काय, तर "रनिंग फार आहे".

शिवाय ज्या जुन्या मीटरमध्ये किलोमीटरचे पाचच आकडे असतात तो ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे १२ हजार दाखवणारी २००९ची गाडी खरोखर १२ हजार चाललेली असेल किंवा १ लाख १२ हजार. मीटर उघडून आकडे मागे घेणारेही आहेत. डिजिटल मीटर आला म्हणून सुटका झाली असं समजू नका, त्याच्या चिपमधला आकडाही बदलून देतात. हा सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे, पण ३० हजारांच्या गाडीसाठी चौकीची पायरी कोण चढतो?

तेव्हा रनिंग मीटरवर नाही, गाडीवर वाचायचं. सगळ्यात सोपा साक्षीदार टायर. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२२ म्हणजे २०२२चा २३वा आठवडा. गाडी २०१८ची, मीटर १६ हजार, आणि मागचा टायर २०२२चा? मग पहिला टायर १६ हजारांच्याही आत संपला का, हे विचारा. शंभर सीसीला मागचा टायर २५ हजारांच्या आत सहसा संपत नाही. त्यानंतर ब्रेक पॅडलची कड, गिअर लिव्हरचं रबर, फूटरेस्टच्या रबरवरच्या रेघा. १५-२० हजारांच्या गाडीत रेघा दिसतात, ७०-८० हजारांना रबर गुळगुळीत होतं. सगळी रबरं कोरी करकरीत असतील तर उलट जास्त संशय घ्या. किल्लीचं भोकही बघा, झिजलेल्या कुलपातून किल्ली गाडी चालू असताना ओढली तरी निघते. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, प्रत्येक खेपेचं किलोमीटर त्यावर लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी मागता येतात.

इंजिनाची परीक्षा थंड गाडीवरच. विकणारा गाडी गरम करून उभी ठेवतो, कारण गरम इंजिन पहिल्या किकला लागतं आणि सकाळचा धूर लपतो. इंजिनला हात लावा, कोमट असेल तर चहा घेऊन या आणि तासाभराने बघा. स्टार्टला निळा धूर येऊन थांबला तर वॉल्व्हचे सील गेलेत, खर्च कमी. ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येतच राहिला तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडरचा बोअर, म्हणजे इंजिनकाम. थंडीत सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ दोन मिनिटांत विरते, तिला घाबरू नका. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आत ऑइल साचलेलं असेल तर रिंगांमधून दाब खाली उतरतो आणि ब्रीदरच्या नळीतून ऑइल वर ढकलतो. किक हाताने हळू दाबा, मध्ये कुठेतरी घट्ट अडायला हवी. लोण्यात सुरी जावी तशी गेली तर कॉम्प्रेशन नाही. डिपस्टिक बघताना पुसून परत घालायची, पण आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. आटे फिरवले तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. या इंजिनात ऑइल लिटरभरच असतं, त्यातलं ३०० मिली कमी झालं तर पहिला मार वर हेडमध्ये, वॉल्व्ह हलवणाऱ्या कॅम आणि रॉकरवर बसतो. तिथली कटकट टॅपेट (वॉल्व्हची फट) सेट करून जात नाही.

चासीचं तीन हालचालींत कळतं. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यावर खाच लागली तर कोनसेट गेला. मागचं चाक आडवं हलवा, खडखडलं तर चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश किंवा हबचं बेअरिंग. पुढचे शॉकअप दाबून सोडा आणि पाइपवर ऑइलचं कडं आहे का बघा.

यातलं काहीही शोरूमवाल्याने केलं नाही, म्हणून पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की रनिंग हा भाव पाडण्याचा बहाणा आहे. ते अर्धं मागे घेतो.

शोरूम जुनी गाडी स्वतःकडे ठेवत नाही, ती पाच-दहा गाड्यांच्या लॉटमध्ये व्यापाऱ्याकडे जाते. व्यापारी प्रत्येक इंजिन तपासत बसत नाही. ८० हजारांच्या वरचं रनिंग दिसलं की तो सगळ्यात वाईट धरून चालतो. ब्लॉक-पिस्टन आणि मजुरी मिळून साडेपाच हजार, चेनसेट हजार, मागचा टायर अठराशे, सीट कव्हर, पॉलिश, नाव बदलण्याचा खर्च. नऊ-दहा हजार तिथेच वजा, वर त्याचा नफा. तुमच्या गाडीला यातलं काही लागणार नसलं तरी वजाबाकी तीच. याचा उलटा अर्थ जास्त कामाचा. ज्याची गाडी खरंच संपलेली आहे, धूर ओकते, त्याला एक्स्चेंज फायद्याचं पडतं, कारण त्याच्या गाडीचा भाव सरासरीने लागतो. सांभाळलेली पण भरपूर चाललेली गाडी एक्स्चेंजला देणारा सगळ्यात जास्त मार खातो.

दुसरी दुरुस्ती जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवर २८ऐवजी १८ टक्के जीएसटी झाला. पूर्ण कपात ग्राहकाला दिली तर ८० हजारांची गाडी ७३,७५० होते. नवी सव्वासहा हजारांनी उतरली की जुनीही उतरणारच. मी ऑक्टोबरात विचारलं, तेव्हा भावातली ही घटही "रनिंग फार" याच खात्यात टाकून मला सांगितली गेली. हे मात्र चुकीचंच.

रनिंगचा परिणाम सरळ रेषेत होत नाही, हे घेताना माहीत असतं तर अजून घासाघीस केली असती. १५ हजारांची आणि ३५ हजारांची गाडी यांच्या भावात मोठी दरी असते. ६१ आणि ८४ हजारांत फारशी नाही, कारण व्यापारी दोन्हींना "इंजिनकामाच्या जवळ आलेली" याच रांगेत उभं करतो. नंतर भाव ठरतो तो वर्षावर, कागदांवर आणि पासिंगवर. २०१८च्या गाडीची नोंदणी २०३३पर्यंत आहे, हे गिऱ्हाइकाला मीटरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. विम्याच्या आयडीव्हीचं (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचं) कोष्टक तर किलोमीटर विचारतच नाही. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, पाचव्या वर्षी ५०, आणि त्यापुढे कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ते. पाच वर्षांच्या आतली गाडी असेल तर घासाघिशीला तो कागद जरूर जवळ ठेवा.

हे सगळं शंभर सीसीचं. स्कूटरला २० हजारांच्या पुढे बेल्ट आणि रोलरचा खर्च धरतात. दोनशे सीसीच्या वरच्या स्पोर्टी गाड्यांना ४० हजारांनंतर गिऱ्हाईकच कमी, कारण पार्ट महाग आणि आधीचा मालक कसा पिळत होता याचा भरवसा नसतो. दूधवाले, कुरिअरवाले ज्यावर पोट चालवतात त्या गाडीला रनिंग सगळ्यात जास्त माफ.

विकण्याआधी काय करावं? इंजिनकाम अजिबात नाही. साडेपाच हजार घालाल, दोन हजारही वसूल होणार नाहीत, शिवाय "इंजिन न खोललेली" म्हणायचा हक्क जातो. बाजारात या तीन शब्दांना किंमत आहे. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन बसवलेली गाडी कितीही गुळगुळीत चालली तरी घेणारा विचारतो, का खोललं? बॅटरी मात्र बदला, सेल्फ न लागणारी गाडी हजाराच्या बॅटरीसाठी तीन हजार गमावते. बल्ब, हॉर्न, साइड स्टँडची स्प्रिंग ही पुण्याच्या नाना पेठेत एका फेरीत मिळतात. चेन ताणून, साफ करून ऑइल द्या, पण घासलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकू नका, महिन्यात तीही जाते. रंग मारू नका. ताजा रंग दिसला की माणूस अपघात शोधायला लागतो.

आणि कागद. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी घेऊन बोजा आरसीवरून उतरवा. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट, महाराष्ट्रात २०२५मध्ये दुचाकीला जीएसटीसह ५३१ रुपये. पीयूसी चालू हवी. शोरूमला गेलात तर दर एका आकड्यात घेऊ नका. जुन्या गाडीचा भाव वेगळा, एक्स्चेंज बोनस वेगळा, आणि जुनी न देता नवीची ऑन-रोड किंमत वेगळी, असे तीन आकडे लेखी मागा. मला "२१ हजार" सांगितले होते. फोड मागितल्यावर १८ आणि ३ निघाले, आणि जुनी न देणाऱ्याला तीच नवी गाडी दीड हजाराने स्वस्त पडत होती. बोनस उरला निम्मा.

गाडी शेवटी थेट गिऱ्हाइकाला ३१ हजारांना गेली. ४२ वजा ३१, म्हणजे ११ हजारांत २३ हजार किलोमीटर, किलोमीटरला ४८ पैसे. १८ हजारांना दिली असती तर हाच हिशोब १ रुपया ४ पैशांवर गेला असता.

थेट विक्रीत कटकट एकच, नाव बदलेपर्यंत गाडी कागदोपत्री आपली. अपघात झाला तर नोटीस नोंदणीकृत मालकाला येते, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला, असंच धरलं आहे. म्हणून नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून गाडी हातात देणं पुरेसं नाही. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज पडल्याची पावती आपल्याकडे हवी, आणि ती येईपर्यंत घेणाऱ्याचे दोन हजार अनामत म्हणून ठेवून घ्यायला हरकत नाही. नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर फॉर्म २९सी भरून घ्या, म्हणजे त्या दिवसापासून जबाबदारी त्याची.

डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ, चासी नंबर आणि मीटरचं वाचन लिहिलं: ८४,३१२. खाली आणखी एक ओळ टाकली, "केबल चालू स्थितीत". घेणाऱ्याला ती ओळ कशासाठी ते कळलं नाही, पण त्याने सही केली.